सांध्यावर

जुना पाइप हिरवा होता, बागेचा,
मोगऱ्याला पाणी घालण्याच्या लायकीचा.
आम्ही त्यातून उकळतं पाणी सोडलं.
आधी तो मऊ पडला,
मग लाजल्यासारखा वाकला,
मग नळापाशी सुटला
आणि थेट जोएल साळवेच्या डाव्या पावलावर.

जोएल आता खाटेवर. पायाला पिवळं मलम,
तोंडाला मात्र आराम नाही.
"दीपनगरच्या बॉयलरवर तीस वर्षं काढलीस,
आणि तुला साधा पाइप कळू नये?"
कळतो रे.
फुकटचा होता म्हणून लावला.

दर नाताळाआधी आम्ही दोघं सातूची बिअर लावतो.
त्याच्या सासऱ्याची रीत, माझं पातेलं,
कुमुदच्या पापडाच्या फडक्यावर गच्चीत मोड आणलेला सातू.
कोणी वास विचारला तर सिरका म्हणतो.
ह्या कामात आठ आणे उकळणं
आणि बारा आणे धुणं.
हिशेब रुपयाच्या वर जातो,
तो वरचा भाग म्हणजे फेस.
तळाचा साका गरम असतानाच काढावा लागतो.
रात्रभर राहिला तर खरवडीसारखा धरतो,
आणि पुढच्या घाण्याला
आंबलेल्या भाकरीची आठवण देतो.

म्हणून मी बाजारात,
पाइपांच्या वेटोळ्यांत उभा.
पिवळा, निळा, पारदर्शक, आत दोऱ्यांची जाळी असलेला,
आणि एक काळा रबरी, कापडाची वेण घातलेला,
जड, अबोल,
मालगाडीच्या व्हॅक्युम पाइपाचा धाकटा भाऊ.
"काका, कितला मीटर काढू?"
हिलाल, अमळनेरकडचा पोरगा, कात्री घेऊन तयार.
थांब.
मी पाइप नाकाला लावला.
जोएलची ताकीद होती: नवा पाइप हुंगायचा,
प्लास्टिकचा वास आला तर तो वास उद्या ग्लासात येतो.
पारदर्शक हुंगला. नव्या चपलेचं दुकान.
निळा हुंगला. तेच दुकान, उधारीवर.
काळा हुंगला. टायर.
शेवटी मागच्या फळीवरून एक पांढरट गुंडाळी निघाली,
दुधाच्या डेअरीवाले नेतात ती.
हुंगली.
काहीच नाही.
नाकाला काहीच न मिळण्याचा असा आनंद
मला आधी कधी झाला नव्हता.

वास झाला. गरमीचं काय?
हिलालचा चहा नुकताच आला होता, वाफाळता.
मी पाइपाचं एक टोक धरलं
आणि त्याचा ग्लास त्यात रिकामा केला.
"ओ शेठ! काकानी चहा पाइपमा वती दिधा!"
गल्ल्यावरून बोंडेंनी चष्म्यावरून पाहिलं.
मी बोटांनी पाइप दाबत गेलो, वीतभर, हातभर.
गरम होता. मऊ नव्हता.
वाकवला, सोडला, परत सरळ झाला.
चहा खाली फरशीवर. माझ्या खिशातून दोन चहा.
"फाटाव नई काका," हिलाल म्हणाला,
आता तोही पाइपाच्या बाजूने होता.

महाग होता. घेतला.
आणि वर स्टीलच्या क्लिपा, दोन नाही, चार.
बॉयलरवर एवढं एकच शिकलो:
पाइप मधोमध क्वचित फुटतो.
जिथे तो दुसऱ्या कशाला तरी
धरून असतो, तिथे सुटतो.

घरी आलो. नळाच्या तोंडावर दोन क्लिपा,
एकमेकींकडे पाठ करून, घट्ट.
कुमुद म्हणाली, अंगणातच राहू दे टांगलेला.
नको. डिसेंबरचं उकळतं पाणी ह्याला काहीच नाही,
ह्या गावात पाइपाची परीक्षा मे महिन्यात होते.
आत साचलेलं घोटभर पाणी
दुपारी दोनला डाळ शिजवील.
वापरला की निथळायचा, गुंडाळायचा,
मोरीतल्या खुंटीवर, सावलीत.

रविवारी पहिली धुलाई.
जोएल लंगडत आला,
म्हणाला, मी फक्त बघतो,
आणि दोन्ही पाय वर घेऊन
स्टुलावर बसला.
मी नळ सोडला.
पातेल्याच्या बुडातून साका सुटू लागला,
तपकिरी, मग फिकट,
मग नुसतं पाणी.
जोएलने पातेल्याकडे पाहिलंच नाही.
शेवटपर्यंत त्याची नजर
त्या दोन क्लिपांवर.